मागची डावी सीट : ईक्यूएस की आयएक्स?

आबांचा इचलकरंजीत यंत्रमागाचा धंदा, वय ७१. महिन्यातून दोनदा तरी मुंबई ठरलेली. पहाटे पाचला घर सोडायचं, पेठ नाक्यावर चहा, दुपारी काळबादेवीत व्यापाऱ्याच्या गादीवर, रात्री मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत. वीस वर्षांत त्यांनी तीन गाड्या बदलल्या. ड्रायव्हर मात्र एकच, शिवा. बसायची जागाही एकच, मागची डावी सीट. चौथी गाडी इलेक्ट्रिक घ्यायची हे सुनेनं ठरवलं, आबांनी मान हलवली, आणि शेवटी दोन गाड्या उरल्या : मर्सिडीजची ईक्यूएस ५८० आणि बीएमडब्ल्यूची आयएक्स एक्सड्राइव्ह ५०.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. चेपलेल्या गाड्या बघायच्या, काय तुटलं, काय वाचलं ते लिहायचं, हा माझा रोजचा उद्योग. आबांच्या आधीच्या दोन गाड्यांचे क्लेम मीच पाहिले होते, त्या ओळखीवर वहिनींचा (आबांच्या सुनेला मी वहिनीच म्हणतो) फोन आला. "भाऊ, पैशाचं आम्ही बघतो. सुरक्षित कुठली ते तुम्ही सांगा." पाठोपाठ एक एक्सेल शीट आली. ४३ ओळी, दोन रकाने, एकेका सोयीपुढे बरोबरची खूण. एअरबॅग, लेन असिस्ट, ब्लाइंड स्पॉट, ३६० अंशांचा कॅमेरा. दोन्ही रकाने खुणांनी जवळजवळ भरलेले. लग्नातल्या आहेराच्या यादीसारखं होतं ते सगळं. काय काय आलं ते कळतं, संसार कसा होईल ते कळत नाही.

शीट बाजूला ठेवून आधी गाड्या समजून घेतल्या. ईक्यूएस ही सेडान. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याकडे आली ती चाकणच्या कारखान्यात जुळणी होऊन, १ कोटी ५५ लाखांना. आयएक्स ही उंच बांध्याची एसयूव्ही, पूर्ण आयात होणारी. एक्सड्राइव्ह ५० मार्च २०२४ मध्ये १ कोटी ४० लाखांच्या घरात आली. वापरता येणारी बॅटरी एकीत १०७.८ किलोवॅट-तास, दुसरीत १०५.२. वजन दोघींचं अडीच टनांच्या आसपास. म्हणजे जोड बरोबरीची. फरक आहे तो घडणीत. आयएक्सच्या सांगाड्यात छताच्या आणि बाजूच्या चौकटीला कार्बन फायबर वापरलंय. दार उघडलं की त्याची काळी वीण उघड्यावर दिसते, बीएमडब्ल्यूनं ती मुद्दाम झाकलेली नाही. ईक्यूएसचा सांगाडा पोलाद आणि ॲल्युमिनियमचा.

परीक्षेचे गुण

सुदैवानं या दोघींची परीक्षा युरो एनकॅपनं (गाड्या आदळून त्यांची सुरक्षा तपासणारी युरोपातली संस्था) एकाच वर्षी, २०२१ मध्ये, एकाच नियमावलीनं घेतली. तिथले नियम दर दोन-तीन वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुने पाच तारे आणि नवे पाच तारे एका तराजूत घालता येत नाहीत. इथं ती अडचण नव्हती.

तारे दोघींनाही पाच. मोठ्या माणसांच्या संरक्षणात ईक्यूएसला ९६ टक्के, आयएक्सला ९१. लहान मुलांच्या बाबतीत ९१ आणि ८७. पादचारी आणि सायकलस्वारांच्या बाबतीत ७६ आणि ७३. मदतनीस यंत्रणांत (आपोआप ब्रेक लावणं, लेन सांभाळणं वगैरे) मात्र ८० आणि ८१, म्हणजे आयएक्स एका टक्क्यानं पुढे. त्या वर्षी तपासलेल्या सगळ्या गाड्यांत ईक्यूएस अव्वल ठरली होती. वहिनी म्हणाल्या, "मग झालंच की."

झालं नव्हतं. मोठ्या माणसांच्या विभागात एकूण गुण ३८. पाच टक्के म्हणजे जेमतेम दोन गुण. दहावीच्या निकालात ९६ आणि ९१ यांत जेवढं अंतर, तेवढंच हे. दोन्ही पोरं हुशार. ढ पोरगं कसं असतं तेही त्याच वर्षी त्याच परीक्षेत दिसलं होतं. रेनोच्या झोई या इलेक्ट्रिक गाडीला २०१३ मध्ये पाच तारे होते, २०२१ मध्ये शून्य मिळाले. सुधारित गाडीत सीटमधली जी बाजूची एअरबॅग पूर्वी डोकं आणि छाती दोन्ही सांभाळायची, तिच्या जागी फक्त छाती सांभाळणारी बसवली होती. गाडी इलेक्ट्रिक आहे एवढ्यावरून सुरक्षेबद्दल काहीच कळत नाही, हे वहिनींना पटवायला मला ही एक गोष्ट पुरली.

मध्येच आबांनी विचारलं, "ती महिंद्राची नवी इलेक्ट्रिक, तिला म्हणं पैकीच्या पैकी मिळालेत?" खरं होतं. एक्सईव्ही ९ई ला भारत एनकॅप या आपल्याकडच्या परीक्षेत मोठ्यांच्या संरक्षणात ३२ पैकी ३२ आहेत, आणि तीही चाकणचीच. "मग ह्या दीड कोटीच्या कशाला?" मी सांगितलं की बोर्डच वेगळा आहे. भारत एनकॅपमध्ये गाडी ताशी ६४ किलोमीटरनं एका जागी उभ्या अडथळ्यावर नेतात आणि मोठ्यांचे गुण पुढच्या दोन सीटवर माणसाच्या जागी बसवलेल्या पुतळ्यांवरून ठरतात. युरो एनकॅपमध्ये १,४०० किलोचा गाडा समोरून ५० च्या वेगानं येतो, गाडीही ५० नं जाते. शिवाय बाजूनं ६० चा धक्का, ३२ च्या वेगानं खांबावर आडवी धडक, आणि बसणारा पलीकडच्या बाजूला किती फेकला जातो याची वेगळी मोजणी. उत्तर बरोबर होतं, पण आबांचा प्रश्न काही वावगा नव्हता. दीड कोटीतला बराच भाग कातड्याच्या सीटचा आणि मसाजचा असतो, हे मी त्यांना सांगितलं आणि ते मनापासून हसले.

त्या परीक्षेतली एक चाचणी मी मुद्दाम वहिनींना समजावून सांगितली. गाडी पूर्ण रुंदीनं, ५० च्या वेगानं, न हलणाऱ्या भिंतीवर नेतात. आत दोन पुतळे, दोन्ही लहान चणीच्या बाईच्या मापाचे. एक स्टिअरिंगमागे आणि दुसरा मागच्या सीटवर. म्हणजे मागच्या सीटचं मोजमाप आहे, आणि आबांसाठी मला तेच हवं होतं.

फक्त त्या पुतळ्याला बेल्ट लावलेला असतो. पुढच्या, मागच्या, लहान-मोठ्या, सगळ्यांनाच. ९६ काय आणि ९१ काय, दोन्ही आकडे बेल्ट लावलेल्या माणसाचे आहेत.

जुन्या गाडीतली पाहणी

नव्या गाड्या बघायला जायच्या आधी मी इचलकरंजीला गेलो आणि शिवाला म्हटलं, चालू गाडी दाखव. पोर्चमध्ये उभी होती, लख्ख पुसलेली. मागचं डावं दार उघडलं. सीटवर पांढरं कव्हर, त्यावर घडी न मोडलेला टर्किशचा पांढरा टॉवेल, वर उशी. बकल कुठं दिसेना. कव्हराच्या खाली हात घालून चाचपलं तेव्हा सीटच्या फटीत दोन्ही बकलं पालथी दाबून बसवलेली सापडली. बेल्ट ओढून पाहिला. पहिला हातभर भाग उन्हानं फिकटलेला, बाकीचा कारखान्यातून आला तसा कोरा, घडीची खूणही न गेलेली. सहा वर्षांत तो बेल्ट कोणाच्या अंगावर आलेलाच नव्हता. माझ्या धंद्यात असा बेल्ट ओळखू येतो. जोराच्या धडकेत वापरलेल्या बेल्टला अडकवायच्या पट्टीपाशी ताणाचे चट्टे पडतात. न वापरलेला नव्यासारखा राहतो, आणि क्लेमच्या फाइलमध्ये त्याचा फोटो सगळ्यात स्वच्छ येतो.

कव्हराची दुसरी भानगड वेगळीच. बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतून फुटून बाहेर येते, तिथं जाड कव्हर शिवलेलं असलं की तिला वाट मिळत नाही. आणि पुढं ड्रायव्हरच्या बकलात एक मोकळी पट्टी खोचलेली, घंटा वाजू नये म्हणून. शिवा ओशाळला. "मालकांना तो टिंग टिंग आवाज सोसत नाही."

या पट्ट्यांचा व्यापार किती मोठा होता ते सरकारनं काढलेल्या आकड्यावरून कळतं : मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या आदेशानं पाच ऑनलाइन दुकानांवरून अशा १३,११८ नोंदी उतरवल्या गेल्या.

आबा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. "आरं, पुढं बसणाऱ्याला पट्टा ठीक हाय. मागं कशाला? पुढची सीट असतीया की आडवी. आन् पोटावर आवळतंय ते."

मी चारोटीचं नाव घेतलं. ४ सप्टेंबर २०२२, मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पालघर जिल्ह्यात सूर्या नदीचा पूल. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री उदवाड्याहून मुंबईला येत होते. गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. गाडीच्या कंपनीनं पोलिसांना दिलेल्या माहितीनुसार धडकेच्या पाच सेकंद आधी ब्रेक दाबला तेव्हा वेग १०० होता, धडकेच्या क्षणी ८९. गाडी चांगली, मर्सिडीजची, एअरबॅग उघडलेल्या. पुढचे दोघं जबर जखमी झाले पण वाचले. मागच्या सीटवरचे दोघंही गेले, आणि त्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते.

"बातमी वाचलीवती," आबा म्हणाले आणि गप्प झाले. मी हिशेब सांगितला. ताशी ५० नं जाणारी गाडी आदळून थांबली, तर बेल्ट नसलेला माणूस त्याच वेगानं पुढं जातो. तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्यावर जो वेग येतो, तो हा. ८९ म्हणजे दहावा मजला. आणि पुढची आडवी सीट काही गादी नव्हे. तिच्या मागं शिवाची पाठ असते. मागचा माणूस पुढच्यालाही चिरडतो, हे मी फोटोंत नाही, प्रत्यक्षात पाहिलेलं आहे. आबांवर या वाक्याचा परिणाम झाला असं मला वाटतं. स्वतःच्या पोटाबद्दल ते बोलले होते, शिवाच्या पाठीचा विचार त्यांनी केला नसावा.

कायदा सांगून मी वेळ घालवला नाही. मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब खाली हजार रुपये दंड आहे. दीड कोटीची गाडी घेणाऱ्याला हजार रुपये म्हणजे काय?

बेल्टशिवाय काय उरतं

मग मी वहिनींची ४३ ओळींची शीट पुन्हा उघडली आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारला : मागं डावीकडं बसलेल्या, बेल्ट न लावलेल्या माणसाला याचा काय उपयोग? यादी झपाट्यानं आक्रसली.

मर्सिडीजची प्री-सेफ ही खरोखर देखणी यंत्रणा आहे, २००२ पासून विकसित होत आलेली. धडक टळत नाही असं दिसलं की ती आधीच बेल्ट आवळते, खिडक्या बंद करते. तिच्या एका रूपात तर स्पीकरमधून खरखरीसारखा आवाज सोडतात. त्यानं कानातला बारीक स्नायू आपोआप आखडतो आणि धडकेच्या कडाक्यापासून कान वाचतो. बीएमडब्ल्यूकडेही बेल्ट ताणणारी, खिडक्या लावून घेणारी अशीच सोय आहे. पण आवळायला बेल्ट अंगावर नको का? एअरबॅगचंही तेच. ईक्यूएसला नऊ आहेत हे शोरूममध्ये कौतुकानं सांगतात. पण एअरबॅग फुगते ती माणूस जागेवर आहे असं धरून. जागा सोडलेल्या माणसापर्यंत ती पोचत नाही.

आणखी एक, श्रीमंती गाड्यांतलंच दुखणं. मागची सीट बटणानं कलती करून पाय लांब करायचे. चालत्या गाडीत फार रेलून बसलं, की बेल्ट लावलेला असूनही धडकेत माणूस कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरतो आणि पट्टा हाडावर न बसता पोटावर चढतो. आबा लोणावळ्याच्या पुढं घाट उतरताना डुलकी घेतात. मी वहिनींना स्पष्ट लिहून दिलं : कलती सीट फक्त गाडी उभी असताना.

शोरूममध्ये

दोन्ही गाड्या एकाच दिवशी पुण्यात बघितल्या. बॉनेट उघडून बघायची आबांची जुनी खोड. दोन्हीकडे निराशा झाली, कारण दोन्ही गाड्यांचं बॉनेट मालकानं उघडायचंच नसतं. काच धुण्याचं पाणी ईक्यूएसमध्ये डाव्या मडगार्डवरच्या झडपेतून भरतात. आयएक्समध्ये नाकावरचा कंपनीचा बिल्ला दाबला की तोच वर येतो आणि खाली नळी. बिल्ल्याचा हा प्रकार शिवाला एवढा आवडला की त्यानं तो तीनदा करून पाहिला.

मला दारं बघायची होती. अपघातानंतर पहिली पाच मिनिटं हातात असतात ती रस्त्यावरच्या माणसांच्या, आणि त्यांना दार उघडता आलं पाहिजे. ईक्यूएसची बाहेरची हँडल पत्र्याच्या पातळीत लपलेली असतात, जवळ गेलं की बाहेर येतात. आयएक्सला हँडलच्या जागी खोबण आणि बटण, आतूनही बटणच. वीज गेली तर ओढायला दारातच एक यांत्रिक खटका आहे. मी आबांना डोळे मिटून तो शोधायला लावला. पहिल्यांदा हात खिडकीच्या बटणावर, दुसऱ्यांदा बाटलीच्या कप्प्यात. तिसऱ्यांदा सापडला. विक्रेत्याला हा खेळ जरा विचित्र वाटला असावा. पण ७१ वर्षांच्या माणसाला अंधारात, गाडी कलंडलेली असताना, हा खटका सापडला पाहिजे ना?

चढ-उतार मात्र आयएक्समध्ये सोपी. ईक्यूएसमध्ये आबांना वाकून, गुडघे मोडून आत शिरावं लागलं. गुडघ्यांनी आपलं मत त्यांच्या चेहऱ्यावर दिलं.

बॅटरीबद्दल वहिनींना सगळ्यात जास्त धास्ती होती आणि मला तुलनेनं कमी. मोठ्या धडकेत उच्च दाबाची वीज आपोआप तोडली जाते, दोन्ही गाड्यांत. धोका नंतरचा. चेपलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते, म्हणून अशी गाडी यार्डात इतर गाड्यांपासून आणि इमारतीपासून १५ मीटर लांब, उघड्यावर उभी करायची असते. मर्सिडीजवाले २०१३ पासून दाराच्या खांबावर क्यूआर कोड लावतात. मोबाइल धरला की उच्च दाबाची कुठली नारिंगी केबल कुठून जाते, कुठं कापायचं नाही, ते दिसतं. आमच्याकडचा अग्निशमन जवान तो कोड उघडेल का, हा प्रश्न कंपनीला विचारून उपयोग नाही. आणि शिवाला एक ताकीद : २०१९ आणि २०२१ सारखं शिरोलीजवळ महामार्गावर पंचगंगेचं पाणी आलं, तर ब्रोशरमधलं काहीही आठवायचं नाही, गाडी मागं वळवायची.

उसाच्या ट्रॉल्या

उरला विषय मदतनीस यंत्रणांचा, जिथं आयएक्स एका टक्क्यानं पुढे होती. या एका टक्क्याला मी शून्य किंमत दिली. २०२१ च्या त्या परीक्षेत गाडीसमोर आले ते दुसरी गाडी, पादचारी, पार्किंगमधून पळत आलेलं पोर, सायकलस्वार. मोटारसायकल त्या परीक्षेत आली ती २०२३ पासून. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत शेकडा ४४ हून जास्त दुचाकीवरची. म्हणजे आपल्या रस्त्यावर जो सगळ्यात जास्त समोर येतो, त्याचा पेपरच झालेला नाही.

आणि गळीत हंगाम? नोव्हेंबर ते मार्च पहाटे पाचला इचलकरंजीतून निघालं की महामार्गापर्यंत उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन, मागं दिवा नाही, लाल कापडाची चिंधी असली तर नशीब, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. कॅमेरा आणि रडार त्याला काय समजतील, याची पैज मी लावणार नाही. ईक्यूएसच्या डिजिटल लाइटमध्ये एकेका दिव्यात १३ लाख सूक्ष्म आरसे असतात, ते समोरच्याचे डोळे न दिपवता लांबवर उजेड टाकतात. पहाटेच्या त्या तासासाठी मला लेन असिस्टपेक्षा हा दिवा जास्त मोलाचा वाटला. लेन असिस्टला आधी रस्त्यावर पट्टे लागतात.

जर्मनीत ईक्यूएसला महामार्गांवर कमी वेगात स्वतः चालायची परवानगी मिळाली होती, हे आबांच्या नातवानं इंटरनेटवर पाहून सांगितलं. आपल्याकडे ते नाही, आणि हे ऐकून शिवाला झालेला आनंद लपला नाही.

माझा अहवाल पाऊण पानाचा झाला. कागदावर ईक्यूएस सरस, पण फरक बारीक, आणि तो बेल्ट लावणाऱ्यालाच लागू. आबांच्या गुडघ्यांना आयएक्स बरी. दोन्हींपैकी कुठलीही घ्या, पण सीट कव्हर शिवू नका, बकलातली पट्टी फेकून द्या, मागच्या बेल्टची घंटा बंद करायला कुठल्या गॅरेजला जाऊ नका. घंटेचा हा मुद्दा मी वेगळा लिहिला, कारण नवी गाडी घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात नेमकं हेच काम निघतं.

त्यांनी आयएक्स घेतली. पाच टक्के गुण सोडले आणि गुडघे सांभाळले. मला त्यात चूक दिसली नाही.

दोन महिन्यांनी विम्याच्या कागदांसाठी गेलो तेव्हा गाडी पोर्चमध्ये होती. मागचं डावं दार उघडून पाहिलं तर कव्हर नव्हतं. टॉवेल मात्र होताच, तोच पांढरा टर्किशचा. आबांनी तो सोडला नव्हता. फक्त त्याला उजव्या अंगाला बकलाएवढं भोक पाडलेलं, आणि दोरे निघू नयेत म्हणून वहिनींनी भोवती काज घातलेलं.